शिधा, शिदोरी आणि रसद : अल्पकालीन पदभ्रमंतीतील अन्नाचा हिशेब

प्रवासात लागणाऱ्या अन्नासाठी मराठीत एकच एक शब्द नाही. शिदोरी, शिधा आणि रसद असे निदान तीन शब्द नित्य व्यवहारात आहेत, आणि बोलणारा त्यांची सहसा गल्लत करीत नाही. शेतावर निघालेल्या माणसाबरोबर शिदोरी दिली जाते, शिधा नव्हे. पुजाऱ्यास किंवा अतिथीस शिधा दिला जातो, शिदोरी नव्हे. वेढा घातलेल्या किल्ल्याची तोडली जाते ती रसद. हा भेद केवळ शब्दांचा नाही. अन्न कोणत्या अवस्थेत आहे, ते कोण वाहतो, आणि ते खाण्यायोग्य करण्यासाठी आणखी कशाची गरज आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे या शब्दांत साठवलेली आहेत. दोनतीन दिवसांच्या पदभ्रमंतीस निघणाऱ्याने अन्न किती घ्यावे, हा वरवर केवळ वजनाचा वाटणारा प्रश्न या भेदाच्या आधारे अधिक नेमकेपणाने कसा सोडवता येतो, हे दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

प्रश्न अगदी रोजच्या व्यवहारातला आहे. पावसाळ्यापासून हिवाळ्याच्या अखेरीपर्यंत दर शनिवारी पहाटे मीरा रोड व भाईंदर या स्थानकांवर पाठीवर पिशव्या घेतलेले तरुण दिसतात. कोणी तुंगारेश्वराच्या डोंगरात जातात, कोणी सफाळ्यास उतरून तांदूळवाडीचा किल्ला चढतात, तर कोणी कल्याणमार्गे माळशेज घाट ओलांडून हरिश्चंद्रगडाची वाट धरतात. बोलीच्या नमुन्यांसाठी आडवाटेच्या वस्त्यांवर जाणाऱ्या विद्यार्थ्यांनाही हीच तयारी करावी लागते. या सर्वांकडून दोनपैकी एक चूक बहुधा होते. एक तर अन्न इतके घेतले जाते की अर्धे परत येते किंवा गडावरच टाकले जाते. नाही तर ते ऐन उतरणीच्या दुपारी संपते. पहिल्या चुकीची किंमत खांदे, गुडघे आणि गडावरील स्वच्छता यांना मोजावी लागते. दुसरीची कधी कधी त्याहून फार मोठी असते.

१. तीन शब्द, तीन अवस्था

‘शिधा’ हा शब्द सामान्यतः संस्कृत ‘सिद्ध’ या शब्दाशी जोडला जातो. सिद्ध म्हणजे तयार. परंतु मराठीत शिधा म्हणजे शिजवावयाचे कोरडे जिन्नस : तांदूळ, डाळ, पीठ, मीठ, तेल. अर्थाचा हा प्रवास विचारात घेण्याजोगा आहे. येथे तयार आहे ती सामग्री, अन्न नव्हे. २०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र शासनाने ‘आनंदाचा शिधा’ या नावाने रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल वाटले, तेव्हाही या शब्दाचा हाच जुना अर्थ कायम होता. शिध्याचे अन्न होण्यास चूल, भांडे, पाणी आणि वेळ या चार गोष्टी लागतात. म्हणूनच परंपरेने शिधा दिला जाई तो ज्याच्यापाशी चूल आहे, किंवा जो चूल मांडू शकतो, त्याला.

शिदोरीचे तसे नाही. ती बांधलेली असते आणि सोडली की खाता येते. भाकरी, पोळी, दशमी, धपाटे, लाडू हे तिचे घटक. तिला चूल लागत नाही, पाणी लागते ते केवळ पिण्यापुरते. मात्र या सोयीची किंमत दुहेरी आहे. शिजलेल्या अन्नात पाणी असते, त्यामुळे तेवढेच पोषण शिध्याच्या रूपाने नेण्यापेक्षा ते शिदोरीच्या रूपाने नेणे जड पडते. आणि पाणी असते म्हणूनच ते लवकर बिघडते. गोपाळकाल्यातील सवंगडी आपापल्या शिदोऱ्या एकत्र कालवून खातात, तेही याच गुणामुळे शक्य होते : शिदोरी जागच्या जागी खाता येते.

रसद ही वाहिली जात नाही, ती मागून किंवा वाटेत मिळते. हा फारसी शब्द मराठीत लष्करी व्यवहारातून रुजला. १७३७ ते १७३९ या वर्षांतील वसईच्या मोहिमेत आजच्या भाईंदरच्या पश्चिमेकडील धारावीच्या टेकडीला महत्त्व आले, ते खाडीतील ये-जा तिच्यावरून नजरेखाली ठेवता येत असे म्हणून. रसदीचा स्वभाव या उदाहरणावरून ध्यानात येतो. ती स्वतःच्या पाठीवर नसल्यामुळे हलकी असते, आणि त्याच कारणामुळे दुसऱ्याच्या हाती असते. गडावरील झोपडीत मिळणारी पिठले-भाकरी, घाटमाथ्यावरील टपरीतील चहा, वस्तीवरील घरात सांगून ठेवलेले जेवण, ही आजच्या पदयात्रिकाची रसद होय.

या तिन्हींचे प्रमाण परिस्थितीप्रमाणे बदलते. उत्तन, पाली, चौक या मीरा-भाईंदरच्या किनारी गावांतील ज्या बोटी कित्येक दिवस समुद्रात राहतात, त्यांवर तांदूळ, मसाला, पिण्याचे पाणी, बर्फ आणि इंधन चढविले जाते. कालवणाची मासळी जाळ्यातूनच मिळते. म्हणजे शिधा बरोबर आणि रसद समुद्राची, अशी ही विभागणी आहे. बोट वजन वाहते, चूल बोटीवरच असते, म्हणून ती सोयीची ठरते. पाठीवर ओझे घेऊन डोंगर चढणाऱ्यास तीच विभागणी जशीच्या तशी उचलता येणार नाही, हे उघड आहे.

२. दिवस नव्हे, वेळ

पदभ्रमंतीविषयीच्या पुस्तकांत अन्नाचे प्रमाण बहुधा दिवसाच्या हिशेबाने सांगितलेले असते : कोरड्या अन्नाचे माणशी दररोज पाऊण ते एक किलो. दीर्घ प्रवासात हा आडाखा उपयोगी पडतो. दोन दिवसांच्या प्रवासात मात्र फसवा ठरतो. शनिवारी पहाटे निघून रविवारी रात्री घरी परतणाऱ्याचे ‘दोन दिवस’ हे अन्नाच्या दृष्टीने दोन पूर्ण दिवस नसतात. शनिवारची न्याहारी घरी होते, रविवारचे रात्रीचे जेवणही घरी होते. मधे उरतात त्या चार वेळा : शनिवारची दुपार, शनिवारची रात्र, रविवारची सकाळ आणि रविवारची दुपार.

मराठी माणूस पोटाचा हिशेब पूर्वीपासून ‘वेळे’नेच करीत आला आहे. ‘दोन वेळचे जेवण’, ‘एक वेळ उपाशी राहणे’, ‘मधल्या वेळचे खाणे’ हे प्रयोग याची साक्ष देतात. यांतील शेवटचा प्रयोग पदयात्रिकाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे. घरी मधल्या वेळचे खाणे हा जेवणाला जोड असतो. डोंगरात तो कणा ठरतो. याचे कारण शरीराच्या घडणीत आहे. स्नायू व यकृत यांत साठविलेली पिष्टमय शक्ती साधारणतः दोन हजार किलोकॅलरींच्या आसपास असते आणि सतत चढण्याने ती काही तासांत बरीच खर्च होते. चरबीचा साठा कितीतरी पटींनी मोठा असला तरी तो सावकाश उपयोगात येतो. म्हणून एकदाच भरपेट जेवून सहा तास चालण्यापेक्षा तासा-दीड तासाने मूठभर खाणे हितकर असते. गूळ आणि शेंगदाणे ही जोडी येथे उत्तम ठरते. गुळाची शक्ती लवकर मिळते, शेंगदाण्याची सावकाश आणि टिकून. शिवाय १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे ५६० किलोकॅलरी असतात, म्हणजे तितक्याच वजनाच्या तांदळाच्या दीडपटीहून अधिक.

३. एका उदाहरणाचा हिशेब

भाईंदरहून चौघे जण दोन दिवसांसाठी हरिश्चंद्रगडास जात आहेत असे समजू. दादरमार्गे कल्याण, तेथून एस.टी.ने माळशेज घाट चढून खुबी फाटा, पुढे खिरेश्वर, तोलार खिंड, आणि मग गडावरील हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर व कोकणकडा असा त्यांचा मार्ग आहे. गडाची उंची सुमारे १,४२४ मीटर. माणशी सामान पुढीलप्रमाणे धरता येईल :

शनिवार दुपार : चार ठेपले व शेंगदाण्याची चटणी, २२० ग्रॅम.
शनिवार रात्र : खिचडीचा शिधा (तांदूळ १२०, मूगडाळ ४०, तूप १५), १७५ ग्रॅम.
रविवार सकाळ : पोहे ८०, शेंगदाणे २०, तेल १०, एकूण ११० ग्रॅम.
रविवार दुपार : खाकरे १०० व कोरडी चटणी ५०, एकूण १५० ग्रॅम.
मधली वेळ, दोन्ही दिवस मिळून : गूळ १०० व शेंगदाणे १००, एकूण २०० ग्रॅम.
चहासाठी दूधपूड व साखर : ५० ग्रॅम.
राखीव : खजूर व भाजलेले चणे, १५० ग्रॅम.

बेरीज १,०५५ ग्रॅम, म्हणजे माणशी एक किलोहून किंचित अधिक. चौघांचे मिळून सव्वाचार किलोच्या आत. राखीव भाग वगळता यातून सुमारे ३,८०० किलोकॅलरी मिळतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार जड श्रम करणाऱ्या ६५ किलो वजनाच्या पुरुषास दिवसाला ३,४७० आणि ५५ किलो वजनाच्या स्त्रीस २,७२० किलोकॅलरी लागतात. पुरुषाची दोन दिवसांची गरज ६,९४० झाली. घरच्या दोन वेळांचे १,१०० वजा केल्यावरही सुमारे २,००० किलोकॅलरींची तूट दिसते. ती भरून काढावयाची तर माणशी आणखी अर्धा किलो कोरडे अन्न वाहावे लागेल.

ही तूट भरून काढावी काय? दोन दिवसांच्या प्रवासात निरोगी प्रौढास तशी आवश्यकता नसते. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी असतात, तेव्हा एवढी तूट म्हणजे पाव किलोच्या आसपास चरबीचा खर्च. हीच तूट सात दिवस चालू राहिली तर थकवा साचत जाईल. तेथे दिवसाच्या हिशेबाचा आडाखाच पाळावा. वाढत्या वयाची मुले आणि मुळातच कृश असलेली माणसे यांनी मात्र तो अर्धा किलो जवळ ठेवावा. आणि मधुमेहींनी मधली वेळ कदापि चुकवू नये, काय आणि किती खावे हे वैद्यांना विचारूनच निघावे. सारांश, अल्प प्रवासात धोका एकूण बेरजेच्या तुटीत नसतो, तो वेळ चुकण्यात असतो. तोलार खिंडीच्या वरचा कातळटप्पा रविवारी दुपारी उतरताना पाय लटपटतात, ते दोन दिवसांचे अन्न अपुरे पडले म्हणून नव्हे, तर सकाळच्या पोह्यांनंतर काहीही पोटात गेलेले नसते म्हणून.

४. आधी तहान

लोककथांतील माता प्रवासास निघालेल्या मुलाला तहानलाडू आणि भूकलाडू बांधून देते. या जोडीत तहान आधी येते, आणि हिशेबातही तिला तेच स्थान द्यावयास हवे. तीन लिटर पाणी म्हणजे तीन किलो वजन. वरील संपूर्ण अन्नाच्या जवळजवळ तिप्पट. अन्नात दोनशे ग्रॅमची काटकसर करून पाण्याचे ठिकाण माहीत नसल्याने दोन लिटर जास्त वाहणारा माणूस वस्तुतः काहीच वाचवीत नाही. सह्याद्रीतील टाकी आणि झरे पावसाळ्यानंतर भरलेले असतात. उन्हाळा जवळ येतो तसतशी त्यांतील अनेक आटतात किंवा त्यांचे पाणी पिण्यालायक राहत नाही. म्हणून प्रत्येक वेळेपुढे ‘पाणी कोठे’ हे लिहून मगच ‘अन्न कोणते’ हे ठरवावे. जेथे पाणी नाही तेथे शिधा निरुपयोगी आहे, कारण चौघांच्या खिचडीलाच दोन-अडीच लिटर पाणी लागते. फार खारट किंवा फार कोरडी शिदोरीही अशा ठिकाणी जड जाते.

५. चुलीचा प्रश्न

शिध्याला चूल हवी. पण हरिश्चंद्रगड १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्यात मोडतो. तेथे सरपण तोडून जाळ करणे नियमबाह्य आहे. गॅसची लहान शेगडी न्यावी म्हटले तर रेल्वेगाडीतून ज्वालाग्राही वायूची नळकांडी नेण्यास मनाई आहे, आणि भाईंदरकराचा प्रवास सुरू होतो तोच गर्दीच्या उपनगरी गाडीने. म्हणजे वरील यादीतील शनिवारची रात्र आणि रविवारची सकाळ या दोन वेळा चुलीच्या उत्तरावर अवलंबून आहेत.

येथे शिधा या शब्दाचा जुना व्यवहार मार्ग दाखवितो. शिधा ज्याच्याकडे चूल आहे त्याच्या हाती द्यावयाचा. खिरेश्वरात किंवा गडावर पाचनईकडील गावकऱ्यांनी उभारलेल्या झोपड्यांत आधी बोलून ठेवल्यास जेवण मिळू शकते. मग शिधा पाठीवर नेण्याचेही कारण उरत नाही, तो रसदीत रूपांतरित होतो, माणशी २८५ ग्रॅम ओझे कमी होते, आणि पैसे ज्या गावाच्या वाटा तुडवावयाच्या त्याच गावात राहतात. परंतु रसद दुसऱ्याच्या हाती असते, हे विसरून चालत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी झोपडी बंद असू शकते, पावसाने वाट अडू शकते, एस.टी. चुकून गडावर पोहोचण्यास मध्यरात्र होऊ शकते. यावरून एक साधा नियम निघतो : जितक्या वेळा रसदीवर सोपविल्या, त्यांतील निदान एका वेळेइतकी चुलीविना खाता येईल अशी शिदोरी राखीव ठेवावी. यादीतील खजूर आणि चणे यासाठीच आहेत. ते परत घरी आले तर हिशेब चुकला असे नव्हे, तो बरोबर ठरला असे समजावे.

६. अन्न कसे बिघडते

मराठीत अन्न ‘बिघडते’ एवढेच म्हणून कोणी थांबत नाही. भात आंबतो, दूध नासते, आमटी विटते, दाणे आणि खोबरे खवट होतात, भाकरीला बुरशी येते, पोळी वातड होते, खाकरा सादळतो. प्रत्येक क्रियापदामागे वेगळी प्रक्रिया आहे. आंबणे, नासणे आणि बुरशी येणे ही सूक्ष्मजीवांची कामे. त्यांना ओलावा आणि ऊब लागते. खवटपणा येतो तो तेलातील द्रव्यांचा हवेशी संयोग झाल्याने, आणि त्यास पुष्कळ दिवस लागतात. सादळणे म्हणजे केवळ हवेतील दमट शोषून घेणे. त्यात चव जाते, पण अन्न सहसा अपायकारक होत नाही. दोन दिवसांच्या प्रवासात खवटपणाची चिंता नको, सादळण्याची गैरसोय सोसता येते, पण आंबण्या-नासण्यापासून जपलेच पाहिजे. म्हणून शिजवलेला भात, ओली चटणी, नारळाचे वाटण घातलेली भाजी ही पहिल्या काही तासांतच संपवावी. मुंबईच्या आसपासच्या दमट हवेत ती रात्रीपर्यंत टिकतील असे गृहीत धरू नये.

टिकाऊपणाचे ज्ञान प्रत्येक समाजाने आपल्या शिदोरीत उतरविलेले आहे. देशावरील व कोकणातील कुटुंबांची दशमी पाण्याऐवजी दुधात भिजविलेल्या पिठाची असते. तिला प्रवासात स्थान मिळाले ते अंशतः सोवळ्याओवळ्याच्या कल्पनेमुळे आणि अंशतः ती मऊ राहते म्हणून. गुजराती घरांतील ठेपला तेल व दही यांमुळे दोन दिवस टिकतो. खाकरा तर पाणी पुरतेपणी आटवूनच भाजलेला असतो. ही सर्व कुटुंबे ज्या शहरात एकाच इमारतीत राहतात, त्या मीरा-भाईंदरमधील चौघांच्या गटाला पहिल्या दुपारची दशमी, त्या सायंकाळचा ठेपला आणि दुसऱ्या दुपारचा खाकरा अशी योजना सहज करता येते. अधिक ओले अन्न आधी, अधिक कोरडे नंतर, हे तिचे सूत्र.

७. मापाविषयी

१९५६ च्या कायद्यानुसार १९५८ पासून टप्प्याटप्प्याने दशमान वजनमापे प्रचारात येईपर्यंत धान्याचा व्यवहार चिपटे, मापटे, शेर, पायली अशा मापांनी चाले. पदयात्रिकाच्या घरी आज मूठ आणि वाटी उरली आहे. या मापांत दोष नाही, पण ती आकारमान मोजतात, वजन नव्हे. एक वाटी पोहे आणि एक वाटी तांदूळ यांच्या वजनांत मोठा फरक असतो. म्हणून आपल्याच घरातील वाटीने प्रत्येक जिन्नस एकदा तोलून पाहावा आणि तो आकडा लिहून ठेवावा. परतल्यावर काय उरले, काय कमी पडले, याची नोंद त्याच कागदावर करावी. अशा दोन-तीन नोंदी कोणत्याही छापील आडाख्यापेक्षा अधिक विश्वसनीय ठरतात, कारण भूक ज्याची त्याची असते.

गटाच्या बाबतीत आणखी एक दक्षता आवश्यक आहे. काल्याच्या संस्कारामुळे प्रत्येक घर ‘सर्वांना पुरेल’ इतके बांधून देते, आणि चौघांच्या चार पिशव्यांत सोळा जणांचे अन्न जमा होते. हा दोष प्रेमाचा आहे, गणिताचा नव्हे. तो टाळावयाचा असेल तर निघण्यापूर्वी प्रत्येक वेळ एकेका घराकडे सोपवावी. एका घराने शनिवारची दुपार सांभाळावी, दुसऱ्याने रविवारची, तिसऱ्याने मधली वेळ, आणि चौथ्याने राखीव भाग व चहा.

एवंच, अन्न किती न्यावे या प्रश्नाचे उत्तर किलोने सुरू होत नाही, ते शेवटी किलोवर येते. आधी वेळा मोजाव्या. प्रत्येक वेळेपुढे पाणी आणि चूल यांचे ठिकाण लिहावे. त्यावरून ती वेळ शिदोरीची, शिध्याची की रसदीची हे ठरवावे. आणि मगच तराजू हाती घ्यावा. तीन शब्दांतील भेद मराठीने व्यवहारातून घडविला आणि व्यवहारासाठीच जपला. शहरात राहणाऱ्या पिढीच्या तोंडी आज हे शब्द बहुधा आलंकारिक अर्थानेच येतात, अनुभवाची शिदोरी, विचारांची रसद अशा रूपात. पाठीवर पिशवी घेऊन निघणाऱ्यास मात्र त्यांचा मूळ अर्थच उपयोगी पडतो.